कोंबड्यांच्या खुराड्यात सुट्ट्या घालवणारा प्राध्यापक, ज्याने अमेरिकेतल्या जमीनमालकांना जंगल सांभाळायला शिकवलं

१९३५ सालची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एका प्राध्यापकाने ८० एकर जमीन विकत घेतली. जमीन नदीकाठची होती, पण तिथे घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. आधीच्या मालकाने मका घेऊन घेऊन रेताड माती पिळून काढली होती. राहतं घर जळून गेलं होतं. उभं होतं ते फक्त कोंबड्यांचं एक खुराडं, आणि त्यातही घाणीचा थर साचलेला.

प्राध्यापकाने बायकोला आणि पाच मुलांना तिथे नेलं. सगळ्यांनी मिळून फावड्याने खुराडं साफ केलं, झोपायला फळ्या ठोकल्या, शेकोटीची जागा बांधली. पुढची तेरा वर्षं या कुटुंबाच्या सुट्ट्या तिथेच गेल्या.

हा माणूस काही हौशी शेतकरी नव्हता. वनशास्त्राची पदवी, सरकारी वनखात्यातली १९ वर्षांची नोकरी, वन्यजीवांच्या व्यवस्थापनावर लिहिलेलं पाठ्यपुस्तक आणि विद्यापीठातलं प्राध्यापकपद, हे सगळं गाठीशी होतं. त्याचं नाव आल्डो लिओपोल्ड.

मग एवढ्या मोठ्या माणसाला खुराड्यात राहायची काय गरज पडली?

त्यामागे एक प्रश्न होता. सरकारी जंगल सांभाळायला वनखातं असतं. पण अमेरिकेत आजही निम्म्याहून जास्त जंगल खासगी मालकीचं आहे. कुणाच्या शेतामागे दहा एकर झाडी, कुणाच्या टेकडीवर वीस एकर. ते जंगल कोण सांभाळणार, आणि ते सांभाळायचं कसं हे त्या मालकांना कोण शिकवणार? लिओपोल्ड यांचं अर्धं आयुष्य या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात गेलं.

वडिलांचा नियम

आल्डोचा जन्म ११ जानेवारी १८८७ चा. गाव आयोवा राज्यातलं बर्लिंग्टन, मिसिसिपी नदीच्या काठावरचं. वडील कार्ल यांचा अक्रोडाच्या लाकडाची डेस्क बनवायचा कारखाना होता. आजोबांना बागा आखायचा नाद होता. घराभोवती झाडं, समोर नदी आणि नदीवर येणारी बदकं.

वडील शिकारी होते, पण त्यांचे काही नियम होते. वसंतात पक्षी अंडी घालायला निघतात, म्हणून त्या दिवसांत बंदूक खाली ठेवायची. तेव्हा असा कायदा नव्हता आणि कुणी विचारणारही नव्हतं. तरी त्यांनी स्वतःहून वसंतातली शिकार बंद केली.

पोरगा हे बघत मोठा झाला. कुणी बघत नसताना, कायद्याची जबरदस्ती नसताना माणूस कसा वागतो, हे त्याने घरातच पाहिलं. पुढे त्याच्या सगळ्या विचाराचा पाया हाच ठरला.

या गोष्टीत भारत कुठून आला?

लिओपोल्ड वनशास्त्र शिकले ते येल विद्यापीठात. ती शाळा १९०० मध्ये सुरू झाली होती आणि तिच्यासाठी पैसा दिला होता पिंशो कुटुंबाने. या घरातले गिफर्ड पिंशो हे पुढे अमेरिकेच्या वनखात्याचे पहिले प्रमुख झाले.

पिंशो तरुणपणी वनशास्त्र शिकायला युरोपात गेले, तेव्हा त्यांना वाट दाखवली डिट्रिश ब्रँडिस नावाच्या जर्मन माणसाने. हे ब्रँडिस म्हणजे १८६४ मध्ये नेमले गेलेले ब्रिटिश भारताचे पहिले वन महानिरीक्षक. म्हणजे बर्मा आणि भारताच्या जंगलांत काम केलेल्या माणसाचे धडे पिंशो यांच्यामार्फत अमेरिकेत पोहोचले.

या परंपरेची ताकद मोठी होती. पण ती सरकारी जंगलाची परंपरा होती. नकाशा काढा, झाडं मोजा, रक्षक नेमा. जमिनीचा मालक शेतकरी असेल तर काय करायचं, याचं उत्तर तिच्याकडे फारसं नव्हतं.

साहेब झाले, पण जंगल कळायचं होतं

१९०९ मध्ये पदवी घेऊन लिओपोल्ड वनखात्यात रुजू झाले. पोस्टिंग मिळाली अॅरिझोनामधल्या अपाचे जंगलात. वय २२. लगेच एका सर्वेक्षण तुकडीचं नेतृत्व हातात आलं. त्यात त्यांनी भरपूर चुका केल्या. मोजमापं चुकली, हाताखालची माणसं वैतागली आणि शेवटी चौकशीही झाली. त्यातून ते सुटले, पण पदवी मिळाली म्हणून काम येतंच असं नाही, हा धडा तिथेच मिळाला.

त्याच वर्षी आणखी एक घटना घडली. डोंगरकड्यावर बसलेले असताना खाली लांडग्यांचा कळप दिसला आणि लिओपोल्ड व त्यांच्या सोबत्याने गोळ्या झाडल्या. लांडगे कमी झाले की हरणं वाढतील, असं साधं गणित तेव्हा सगळेच मांडायचे. लिओपोल्ड यांनीही पुढची बरीच वर्षं लांडगे संपवण्याची बाजू जाहीरपणे घेतली. हे गणित चुकीचं होतं हे कळायला त्यांना कित्येक वर्षं लागली. लांडगे गेले तिथे हरणं बेसुमार वाढली, त्यांनी डोंगरावरची कोवळी झाडं खाऊन टाकली आणि मग स्वतःच उपासमारीने मेली.

१९१२ मध्ये त्यांचं एस्टेला बर्गेअर यांच्याशी लग्न झालं. १९१३ मध्ये मेंढपाळांच्या चराईचा वाद मिटवायला गेलेले असताना ते वादळात सापडले आणि ओल्या कपड्यांत दिवस काढावे लागले. मूत्रपिंडाला सूज आली आणि जीव जाता जाता वाचला. वर्षाहून जास्त काळ अंथरुणात आणि घरात गेला.

त्यातून उठून त्यांनी मोठं काम केलं. त्यांनी लावून धरल्यामुळे १९२४ मध्ये न्यू मेक्सिकोतलं हिला हे क्षेत्र रस्ते न बांधता जसंच्या तसं राखायचं ठरलं. सरकारने अशा प्रकारे राखलेलं ते अमेरिकेतलं पहिलं रानक्षेत्र.

इथे कुणीही म्हटलं असतं, झालं, नाव मिळालं. पण त्यांची खरी गोष्ट इथून पुढे आहे.

सरकारी जंगलातून शेतकऱ्याच्या दारात

१९२४ मध्ये त्यांची बदली विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात झाली. चार वर्षांनी त्यांनी वनखातं सोडलं आणि ते राज्याराज्यांत फिरून वन्यप्राण्यांची पाहणी करायला लागले. ही पाहणी सरकारी जंगलात नव्हती. शेतांचे बांध, ओढ्याकाठची झुडपं आणि शेतामागची झाडी अशा जागांची होती.

फिरता फिरता त्यांच्या लक्षात आलं की या भागात जमीन शेतकऱ्याच्या हातात आहे. तित्तर आणि ससे राहणार की जाणार, झाडी टिकणार की नाही, हे राजधानीतला कायदा ठरवत नाही. ते ठरवतो शेतकरी, गाई कुठे सोडायच्या आणि कुंपण कुठे घालायचं हे ठरवताना.

मग १९३१ मध्ये मॅडिसनच्या पश्चिमेला रायली नावाच्या छोट्या गावात त्यांनी एक प्रयोग सुरू केला. तिथले शेतकरी विनापरवानगी घुसणाऱ्या शिकाऱ्यांना कंटाळले होते. लिओपोल्ड यांनी शेतकरी आणि शहरातले काही शिकारी यांना एकत्र बसवलं. शहरवाल्यांनी खर्च उचलायचा, झुडपं लावायला आणि हिवाळ्यात पक्ष्यांना दाणा टाकायला मदत करायची. शेतकऱ्यांनी झाडीला जागा द्यायची आणि शिकारीवर लक्ष ठेवायचं. पुढे त्यांचे विद्यार्थीही तिथे काम करून शिकायला लागले.

तेवढ्यात महामंदीमुळे हातातलं काम संपलं. पण १९३३ मध्ये त्यांचं 'गेम मॅनेजमेंट' हे पाठ्यपुस्तक आलं आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांच्यासाठी खास प्राध्यापकपद निर्माण केलं. या विषयाचं अमेरिकेतलं हे पहिलं पद. गंमत म्हणजे ते होतं कृषी अर्थशास्त्राच्या विभागात. त्यामुळे त्यांच्यासमोर पदवीचे विद्यार्थी होते, तसेच शेतकरीही होते. ते रेडिओवर शेतकऱ्यांसाठी बोलायचे आणि शेतकऱ्यांच्या नियतकालिकात छोटे, सोपे लेख लिहायचे. पडलेलं झाड लगेच का उचलू नये, बांधावरची झुडपं का ठेवावीत, असे साधे विषय असायचे.

कून व्हॅलीत काय झालं?

याच काळात विस्कॉन्सिनमधलं कून व्हॅली हे खोरं अक्षरशः वाहून जात होतं. शेतकरी उतारावर वरून खाली नांगरत होते. टेकडीवरच्या झाडीत गाई चरत होत्या.

आता झाडीत गाई चरल्या तर बिघडतं काय? मोठी झाडं तर तशीच उभी दिसतात. पण गाई जमिनीवर उगवलेली कोवळी रोपं खातात. खुरांनी माती घट्ट होते आणि पाणी मुरायचं थांबतं. पाऊस पडला की सगळं पाणी एकदम खाली येतं, ओघळी पडतात आणि खालच्या माणसाचं शेत गाळाने भरतं. वीस-तीस वर्षांनी मोठी झाडं म्हातारी होतात आणि त्यांची जागा घ्यायला खाली एकही तरुण झाड नसतं. म्हणजे लांबून जंगल दिसतं, पण त्याचं भविष्य आधीच खाल्लं गेलेलं असतं.

१९३३ मध्ये सरकारने या खोऱ्यात मृदसंधारणाचा मोठा प्रकल्प सुरू केला. संपूर्ण पाणलोट धरून केलेला अमेरिकेतला हा पहिला प्रकल्प मानतात. लिओपोल्ड त्यात सल्लागार होते. शेतकऱ्यांशी पाच वर्षांचे करार झाले. सरकार मजूर, बियाणं, चुना आणि कुंपणाचं सामान देणार. शेतकरी समपातळीवर पट्ट्या-पट्ट्यांनी पेरणी करणार आणि उतारावरच्या झाडीत गाई सोडणार नाही.

कृषी, वन, वन्यजीव अशा सगळ्या विषयांचे जाणकार एकाच शेतावर एकत्र फिरायचे आणि मालकाबरोबर उभं राहून ठरवायचे, इथे कुंपण, तिथे झाडं, इकडे गवत. शेकडो शेतकरी सामील झाले. खोऱ्याचं रूप पालटलं आणि ही पद्धत देशभर गेली.

पण करार संपल्यावर?

लिओपोल्ड यांचं वेगळेपण इथे दिसतं. दुसरा कुणी असता तर त्याने यशोगाथा सांगून विषय संपवला असता. लिओपोल्ड मात्र नंतर काय झालं हे बघत राहिले.

१९३७ मध्ये विस्कॉन्सिनने कायदा करून शेतकऱ्यांना अधिकार दिला, आपल्या भागातल्या जमीनवापराचे नियम तुम्हीच करा, मदत आम्ही देतो. जवळपास दहा वर्षांनी लिओपोल्ड यांनी हिशेब मांडला. एकाही जिल्ह्याने एकही नियम केला नव्हता. पट्टापेर चालू होती, कुरणं सुधारली होती, शेतात चुना पडत होता, कारण त्यातून पैसा मिळत होता. पण झाडीला कुंपण घालून गाई बाहेर ठेवणं, ज्याचा फायदा खालच्या शेजाऱ्याला आणि पुढच्या पिढीला होणार होता, ते काम मागेच राहिलं.

यावरून त्यांनी शेतकऱ्यांना शिव्या घातल्या नाहीत. चूक शिकवणाऱ्यांची आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. आपण लोकांना फक्त फायदा दाखवला. जमिनीशी त्यांचं काही नातं आहे आणि नात्यात जबाबदारी येते, हे कधी सांगितलंच नाही. अनुदान असेपर्यंत काम होतं आणि अनुदान थांबलं की कामही थांबतं.

माती, पाणी, झाडं आणि प्राणी हे सगळे आपल्याच समाजाचे सदस्य आहेत आणि माणूस त्यांचा मालक नसून त्यांच्यातलाच एक आहे, हा विचार त्यांनी यातून मांडला. जगभर तो भूमी-नीती म्हणून ओळखला जातो.

खुराड्यातली शाळा

आता १९३५ च्या त्या खुराड्याकडे परत येऊ. दुसऱ्यांना जमीन कशी सांभाळायची हे सांगणाऱ्या माणसाने स्वतः सगळ्यात वाईट जमीन घेतली आणि तिच्यावर हात काळे करायला सुरुवात केली.

१९३६ च्या वसंतात त्यांनी पाइनची रोपं लावली. त्या उन्हाळ्यात भीषण दुष्काळ पडला आणि बहुतेक रोपं जळून गेली. देशातल्या मोठ्या तज्ज्ञाची पहिल्याच वर्षी ही अवस्था. पुढच्या वसंतात कुटुंब पुन्हा फावडी घेऊन हजर. दरवर्षी सुट्टी लागली की रोपं लावायची, मेलेली मोजायची, का मेली ते लिहून ठेवायचं आणि पुन्हा लावायची. असं करत त्या रेतीवर हजारो पाइन उभे राहिले. सोबत स्थानिक गवत, रानफुलं आणि झुडपंही लावली.

शिकणं झाडं लावण्यापुरतं नव्हतं. वीज पडून मेलेला जुना ओक त्यांनी सरपणासाठी कापला, तेव्हा खोडाच्या एकेका वर्तुळावरून त्या वर्षी या मुलखात काय काय झालं होतं याचा इतिहास वाचला. कुऱ्हाड हातात घेताना बर्च तोडायचा की पाइन, आणि आपल्याला पाइनच जास्त का आवडतो, असे प्रश्न ते स्वतःला विचारायचे. झाड तोडणं त्यांना पाप वाटत नव्हतं. कुठलं तोडतोय आणि का, हे मालकाला माहीत असलं पाहिजे, एवढाच आग्रह होता.

पहाटे अंधारात उठून कॉफीचं भांडं घेऊन ते बाकावर बसायचे आणि कुठला पक्षी किती वाजता गायला लागला हे वहीत टिपायचे. पहिलं फूल कधी उमललं, हंस-बदकं कधी परतली, सगळ्याच्या तारखा. विद्यार्थीही तिथे यायचे. वर्गात जे फळ्यावर होतं ते इथे पायाखाली होतं.

लोकांचा रोष

१९४३ मध्ये त्यांची राज्याच्या संवर्धन आयोगावर नेमणूक झाली. विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात हरणं प्रचंड वाढली होती आणि जंगलातली रोपं फस्त करत होती. फक्त नर मारून उपयोग नाही, माद्यांचीही संख्या कमी करावी लागेल, असं लिओपोल्ड यांनी सांगितलं. लोक भडकले. त्यांच्यावर जोरदार टीका झाली.

तीस वर्षांपूर्वी हरणं वाढावीत म्हणून लांडगे मारणारा माणूस आता जंगल वाचावं म्हणून हरणं कमी करा म्हणत होता. आपली आधीची चूक त्यांनी लपवली नाही. उलट लांडग्याचा तो प्रसंग स्वतः लिहून काढला.

२१ एप्रिल १९४८

खुराड्यातल्या दिवसांवर आणि जमिनीविषयीच्या विचारांवर त्यांनी लेख लिहिले होते. प्रकाशकांनी ते परत पाठवले होते. त्यात चेहऱ्याच्या मज्जातंतूचं भयंकर दुखणं मागे लागलं आणि १९४७ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. शेवटी १४ एप्रिल १९४८ ला बातमी आली, पुस्तक छापायला ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस तयार आहे.

बरोबर एक आठवड्याने, २१ एप्रिलला, लिओपोल्ड बायको आणि धाकट्या मुलीसोबत खुराड्यावर होते. शेजाऱ्याच्या शेतावरून धूर येताना दिसला. वाळलेलं गवत पेटलं होतं आणि आग पसरत होती. तिघंही सामान घेऊन धावले. मुलीला मदत बोलवायला पाठवलं, बायकोला एका बाजूला उभं केलं आणि लिओपोल्ड पाण्याचा पंप घेऊन आगीच्या कडेने चालत गेले.

तिथेच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वय ६१. आयुष्यभर त्यांनी सांगितलं होतं की जमिनीची जबाबदारी कुंपणापाशी संपत नाही. ते गेले तेही शेजाऱ्याच्या जमिनीवर आग विझवताना.

त्यांच्यानंतर

मुलगा लुना आणि इतरांनी हस्तलिखित पूर्ण केलं आणि १९४९ मध्ये 'अ सँड काउंटी अल्मनॅक' हे पुस्तक आलं. सुरुवातीला फार गाजावाजा झाला नाही. १९७० च्या आसपास पर्यावरणाची चळवळ उभी राहिली आणि लोकांच्या हातात हे पुस्तक दिसायला लागलं. आजवर त्याच्या २० लाखांहून जास्त प्रती गेल्या आहेत.

पाच मुलांपैकी स्टार्कर, लुना आणि एस्टेला ही तिघं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. मुलगी नीना पुन्हा त्या जमिनीवर राहायला आली आणि वडिलांची तारखांची वही तिने पुढे चालू ठेवली. वडिलांच्या आणि आपल्या नोंदी जुळवून १९९९ मध्ये तिने सहकाऱ्यांसोबत शोधनिबंध प्रसिद्ध केला. तिथे वसंताच्या अनेक खुणा आता आधी दिसतात, म्हणजे हवामान बदलतंय, हे त्या नोंदींतून दिसलं. एका जमीनमालकाची साधी वही विज्ञानाच्या कामाला आली.

१९६० च्या दशकात शेजारच्या जमीनमालकांनी एकत्र येऊन आपल्या जमिनी मिळून सांभाळायचं ठरवलं. १९८२ मध्ये पाच भावंडांनी आल्डो लिओपोल्ड फाउंडेशन स्थापन केलं. ज्यांच्या मालकीची थोडीफार झाडी आहे, अशा लोकांना आपली जमीन कशी ओळखायची आणि सांभाळायची हे शिकवणं हा या संस्थेच्या कामाचा भाग आहे. कुठलं झाड ठेवायचं, कुठलं काढायचं, बाहेरून आलेली झुडपं कशी हटवायची, जाळरेषा आखून नियंत्रित आग कशी लावायची, अशी कामं तिथल्या जमिनीवर आजही हाताने होतात.

२००७ मध्ये फाउंडेशनची नवी इमारत उभी राहिली, लिओपोल्ड कोसळले त्या जागेजवळ. तिच्यासाठी बरंचसं लाकूड कुठून आलं? लिओपोल्ड कुटुंबाने लावलेले पाइन आता दाट झाले होते. उरलेली झाडं नीट वाढावीत म्हणून विरळणी करावी लागणार होती. ती केली आणि तेच लाकूड इमारतीला वापरलं.

१९३६ च्या दुष्काळात पहिली रोपं जळाली तेव्हा हे कुटुंब हरून घरी बसलं असतं, तर हे लाकूड मिळालंच नसतं. खुराडं अजून तिथे उभं आहे आणि आता ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.